विमानात रडलेल्या बाळाच्या आजीकडून

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकांचं पत्र होतं, लांबच्या विमानप्रवासात दोन वर्षांखालच्या मुलांना बंदी घाला नाहीतर त्यांना वेगळ्या केबिनमधे बसवा असं. ते युरोपातून येताना रात्रभर झोपले नाहीत कारण मागे एक बाळ रडत होतं. त्यांच्या झोपेचं मला खरंच वाईट वाटलं, चेष्टा नाही करत, मी पण एक रात्र अशीच काढलीये, फक्त माझ्या विमानातलं रडणारं बाळ माझंच होतं. म्हणजे नातू. वय 8 महिने, वजन 8 किलो 400 ग्रॅम, दात दोन. तर त्या बाजूनं पण कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून हा खटाटोप. पत्र लांबणार आहे, तुम्ही कात्री चालवणारच, पण पाढ्यांचा भाग तेवढा कापू नका.

"एवढं तान्हं मूल घेऊन जग फिरायची हौस कशाला" असं त्या पत्रात एक वाक्य आहे. हौस नव्हती हो. माझ्या सासूबाई नारायण पेठेत राहतात, वय 92, आणि नातू जन्मला कॅलिफोर्नियात. पणतवंडाचं तोंड बघितलं की पणजीवर सोन्याची फुलं उधळायची आपल्याकडे पद्धत आहे, सराफाकडून एवढीशी पाच फुलं आणली होती, ती डबीत घालून सासूबाई चार महिने वाट बघत होत्या. मुलाच्या मुलीचा मुलगा, शास्त्रात बसतं का असं एका काकूंनी विचारलंच, सासूबाई म्हणाल्या शास्त्र ठेव तिकडे, फुलं आण. आता या बाईला सांगायचं का की थांबा, बाळ दोन वर्षांचं होऊ दे मग आणू, विमानात लोकांची झोपमोड होते? सांगणारा भेटला तर मला पत्ता द्या.

तर लेक-जावई बाळाला घेऊन पुण्याला आले. जावई दोन आठवड्यांच्याच रजेवर, ते आधी परत गेले, लेकीला एकटीला बाळ घेऊन एवढ्या लांब पाठवायचं मन होईना, म्हणून मी सोबत निघाले. आमचे हे घरी राहिले, सासूबाईंपाशी कोणीतरी पाहिजेच, आणि त्यांचे गुडघे काही 16 तास एका खुर्चीत बसण्यातले नाहीत.

लोकांना वाटतं विमानप्रवास विमानात सुरू होतो. पुणेकरांचा तो चांदणी चौकात सुरू होतो. लोहगावला 2024 मधे नवीन टर्मिनल झालं, छान आहे, मी बघून आले, पण धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटर आणि विमानतळ मुळात हवाई दलाचं, तिथून अमेरिकेची मोठी विमानं काही उडत नाहीत. एकेकाळी फ्रँकफर्टला एक छोटं विमान थेट जायचं, ते पण बंद पडलं. पुरंदरचं विमानतळ होईल तोवर माझा नातू बहुतेक स्वतःच्या पोराला मांडीवर घेऊन येईल. तर मुंबईहून पहाटे साडेचारला सुटणाऱ्या विमानासाठी आम्ही आदल्या रात्री साडेआठला कोथरूड सोडलं. बाळ विमानात बसायच्या आधीच त्याचे आठ तास खर्ची पडलेले असतात हे त्या वाचकांनी लक्षात घ्यावं, विमानात शिरणारं बाळ हे ताजंतवानं बाळ नसतंच, ते फूड मॉलच्या बाकावर लंगोट बदललेलं, घाटात रडलेलं, मुंबईच्या उकाड्यात घामेजलेलं बाळ असतं.

घाटात रडलेलं म्हणजे काय तर खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना आपल्या कानांना दडे बसतात ना, तेच. आपण जांभई देतो, आवंढा गिळतो, कान सुटतात. बाळाला ते कळत नाही. आमच्या बाळांच्या डॉक्टरांनी निघायच्या आधी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, कानाच्या आतून घशात जाणारी एक बारीक नळी असते, गिळलं की ती उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो, लहान मुलांची ती आणखीनच अरुंद. विमानाच्या खिडकीबाहेर 35-40 हजार फूट असले तरी आतली हवा 6 ते 8 हजार फुटांवरच्या डोंगरासारखी ठेवलेली असते. आपलं कळसूबाई 5400 फूट. म्हणजे रात्रभर आपण कळसूबाईच्या पण वर बसलेले असतो, पिठलं भाकरी नसते एवढंच, आणि सकाळी तिथून अर्ध्या तासात थेट समुद्राच्या पातळीला उतरायचं. म्हणून चढताना जेवढं दुखतं त्यापेक्षा उतरताना जास्त. उपाय एकच, उतरायला लागलं की बाळाला पाजा, नाहीतर चोखायला काहीतरी द्या, आणि त्या वेळेला झोपू देऊ नका, कारण झोपेत गिळणं कमी होतं. आता हे ऐकायला सोपं आहे. 16 तासांनी एकदाचं झोपलेलं बाळ स्वतःच्या हातानं जागं करायचं म्हणजे छातीचा कोट लागतो.

सोसायटीतल्या बायकांचा सल्ला वेगळा होता. सर्दीचं औषध द्या चमचाभर, गाढ झोपतं. एकीनं तर ब्रँडीचं नाव काढलं, आमच्या वेळी देत होते म्हणाली, मी तिची वेळ बघितलीये, देत नव्हते. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. अशा औषधानं काही मुलं झोपायच्या ऐवजी आणखी चेकाळतात, आणि धोका तो वेगळाच. 2023 च्या डिसेंबरमधे आपल्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेल्या सर्दीच्या औषधांवर 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापा म्हणून आदेशच काढलाय. तेव्हा "औषध देऊन झोपवत का नाहीत" असं मनातल्या मनात म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आता पाळण्याची गोष्ट, जी माझी खरी तक्रार आहे. मांडीवरच्या बाळाचं तिकीट आंतरराष्ट्रीय विमानाला बहुतेक मोठ्याच्या भाड्याच्या 10 टक्क्यांच्या आसपास असतं, त्यात सीट मिळत नाही, पण विमानाच्या आतल्या भिंतीला, जिच्या समोर रांग नसते तिथे, एक पाळणा अडकवता येतो. बॅसिनेट म्हणतात. असे पाळणे विमानात मोजके, वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी 10-11 किलो, आणि ते आधी फोन करून सांगून ठेवावे लागतात. लेकीनं अडीच महिने आधी फोन केला, चाळीस मिनिटं ते होल्डवरचं संगीत ऐकलं, पाळणा पक्का झाला असा ईमेल आला, त्याची प्रिंट मी काढली, लॅमिनेट करायची तेवढी बाकी ठेवली. आणि मुंबईला काउंटरवरचा मुलगा सांगतो मॅडम एअरक्राफ्ट चेंज झालंय, सीट्स रीअसाइन झाल्यात, पाळण्याच्या जागा फुल आहेत. लेक रांग 30, मधली सीट. मी रांग 41, तीही मधली. बाळाला दोघींत कसं वाटायचं ते त्यानं सांगितलं नाही. प्रिंट दाखवली तर म्हणाला ही रिक्वेस्ट असते मॅडम, गॅरंटी नसते. मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलंय, रिक्वेस्ट आणि कन्फर्म्ड या दोन शब्दांतला फरक मला चांगला कळतो, ईमेलमधे दुसरा होता. पण मागे रांग, हातात बाळ, काय भांडणार. नंतर कळलं की त्या भिंतीसमोरच्या सीटांना पाय पसरायला जागा जास्त म्हणून त्या जादा पैशाला विकतात. विकेनात बापडे. पण मग बाळवाल्याला कन्फर्म्ड लिहून पाठवू नका.

सिक्युरिटीला मात्र तक्रार नाही हं, उलट. बाळाच्या दुधाला आणि खाण्याला तो 100 मिलीचा नियम लागत नाही, प्रवासापुरतं नेऊ देतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि घाबरून घरीच ठेवून येतात. आमच्याकडे थर्मासमधे उकळलेलं पाणी, दुधाची पावडर, खिमटीचं पीठ आणि नाचणीसत्त्व एवढं सगळं होतं, गणवेशातल्या त्या बाईंनी उघडून बघितलं, वास घेतला, "नाचणी का?" म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं पिशवी परत भरून दिली. इमिग्रेशनला एक गंमत झाली, आजीचा पासपोर्ट निळा, नातवाचा पण निळा, पण तो अमेरिकेचा नागरिक आणि भारतात ई-व्हिसावर आलेला पाहुणा. अधिकाऱ्यानं त्याच्याकडे बघून विचारलं, "कसा वाटला देश?" आणि पाहुण्यानं त्यांच्या टेबलावर लाळ गाळली.

पहिलं विमान तीन तासांचं, आखातापर्यंत, ते बरं गेलं, बाळ दमून झोपलं होतं. तिथे उतरलो तर स्ट्रोलर दारात नाही. मुंबईला दारापर्यंत ढकलत नेली, टॅग लावून दिली, इथे दारात परत मिळेल म्हणून सांगितलं होतं, ती सामानात पुढे गेली म्हणे. त्या विमानतळाचा एका टोकापासून दुसऱ्या टोकाचा गेट म्हणजे गरवारे पूल ते अलका टॉकीज सहज असेल, वर मधे एक आगगाडी. लेकीच्या पाठीला सॅक, माझ्या हातात दोन पिशव्या. शेवटी माझी जुनी सुती ओढणी काढली आणि बाळाला पोटाशी बांधलं, आपल्या बायका शेतात बांधतात तसं, आणि चालत सुटले. आजूबाजूला दोन-दोन हजार डॉलरच्या बाबागाड्या पळत होत्या, त्यातून एक गोरी बाई थांबून मला विचारते हे कुठे मिळतं. तुळशीबागेत, मी म्हटलं.

दुसरं विमान, 16 तास. दारातच लेकीनं हवाईसुंदरीला प्रिंट दाखवली, ती मुलगी चांगली होती, म्हणाली बसा, बघते. भिंतीसमोरच्या रांगेत कडेच्या सीटवर एक मुलगा होता, पंचविशीचा, तेलुगू असावा, चांगला सहा फूट उंच. त्यानं जास्तीचे पैसे भरून ती सीट घेतली होती. तिनं विचारलं, त्यानं एकदा बाळाकडे बघितलं, वरून सॅक काढली आणि चालू पडला, माझ्या रांग 41 च्या मधल्या सीटवर, जिथून संडासाचं दार हातभर लांब. शेजारच्या बाईंनी पण लेकीची रांग 30 ची सीट घेतली आणि मला जागा करून दिली. तरी लगेच बसता आलं नाही बरं का, हवाईसुंदरीनं आधी बघितलं की त्या बाजूच्या सीटांमधे दुसरं मांडीवरचं बाळ तर नाही, कारण वरून पडणारे ऑक्सिजनचे मास्क माणसांपेक्षा एखादाच जास्त असतो. असं काही असतं हे मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं. तो मुलगा 16 तास गुडघे हनुवटीला लावून बसला असणार. मी नंतर त्याला डब्यातले दोन गुळपोळीचे तुकडे नेऊन दिले, त्यानं कानातली ती बोंडं काढून थँक्यू आंटी म्हटलं आणि परत घातली, बस एवढंच. लोक काय करू शकतात याचं मला एकच उदाहरण विचारलं तर मी हे देईन.

पाळणा लागला. भिंतीतल्या दोन खाचांत खटखट बसवतात, वर पट्टा. आत आम्ही सासूबाईंच्या दोन जुन्या पातळांची गोधडी घातली, तिला अजून त्यांच्या कपाटातल्या कापराचा वास येतो. बाळानं तोंड तिच्यात खुपसलं आणि पाच मिनिटांत झोपलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, जिंकलो अशा अर्थानं.

टिंग.

सीटबेल्टचा दिवा. दिवा लागला की बाळ पाळण्यातून काढून मांडीवर घ्यायचं असा नियम आहे, आणि नियम बरोबरच आहे, विमान खड्ड्यात गेलं तर पाळण्यातलं बाळ उडेल. अमेरिकेचं विमान खातं तर सांगतं की मांडीवर पण नको, बाळाला वेगळी सीट घ्या आणि तिच्यावर गाडीतली बेबी सीट बांधा. आम्ही नाही घेतली, पैसे बघितले आणि गप्प बसलो, हे कबूल करते. तर उचललं. जागं झालं. रडलं. वीस मिनिटांनी दिवा गेला, परत झोपवलं, ठेवलं, टिंग. असं चार वेळा. आता मागच्या माणसाला दिसतं काय, तर ही बाई बाळाला धड झोपूच देत नाही.

मागचा माणूस होताच. साठीचे गृहस्थ, अंगात बिनबाह्यांचं जॅकेट, गळ्यात ती घोड्याच्या नालासारखी उशी. पहिल्यांदा रडलं तेव्हा त्यांनी त्च केलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं सुस्कारा. तिसऱ्यांदा बटण दाबून हवाईसुंदरीला बोलावून इंग्रजीत काहीतरी, मला "सम पीपल" एवढं ऐकू आलं. लेकीचा चेहरा पडला. एरवी ऑफिसात वीस जणांना कामाला लावणारी मुलगी, पण बाळ कडेवर असलं की "सॉरी, सो सॉरी" करत गोल फिरत होती, आणि मला त्या सॉरीचा राग येत होता, माणसाचा पण नाही एवढा.

मधेच लंगोट. विमानातल्या संडासात कमोडच्या वर भिंतीला एक फळी असते, खाली ओढायची, तिच्यावर बाळ. फळी एवढीशी, बाळाला नुकतं पालथं पडता यायला लागलेलं, लेक एका हातानं त्याचं पोट दाबून धरतीये, दुसऱ्या हातानं पुसतीये, दार अर्धवट उघडं आणि बाहेरून मी एकेक वस्तू आत देतीये, ऑपरेशन थिएटरमधली नर्स असते तशी. वाइप. वाइप. अगं दुसरं लंगोट, हे भिजलं. तेवढ्यात विमान हललं आणि पावडरचा डबा कमोडमधे. मागे पाच जणांची रांग. त्या रांगेतल्या कोणी काही बोललं नाही पण सगळे एकदम छताकडे बघत होते.

मग पहाटेचे तीन का रात्रीचे नऊ देव जाणे, खिडक्या सगळ्या बंद, निळा अंधार, लेक बसल्या जागी कोलमडून झोपली आणि बाळ माझ्या खांद्यावर. कुरकुर चालू. मला अंगाई येत नाही, सुरात तर काहीच येत नाही, पाढे येतात. लेकीला पण मी पाढ्यांवरच झोपवलं लहानपणी, तिला नंतर गणित नावडतं झालं ते त्यामुळेच असं ती म्हणते. तर बेपासून सुरू केलं, हळू आवाजात, एकेका पायावर भार देत डुलत. सातापर्यंत कुरकुर कमी झाली. नव्वापर्यंत डोकं खांद्यावर पडलं. मी पण अर्धी झोपेतच. तेरावर आले. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते एक्क्याण्णव, तेरा आठे एकशे आठ.

"चारोदरशे."

अंधारातून. मागच्या सीटवरून. मी थबकले. परत आवाज, जरा खाजगीत, "तेरा आठे चारोदरशे, बाई." म्हणजे एकशे चार.

31 वर्षं. हजारो पोरांना तेराचा पाढा घोकून घेतला मी, आणि अटलांटिकवर चुकले. आणि चूक काढणारा कोण, तर सम पीपलवाले. आता या माणसाला पुणेकर म्हणून प्रमाणपत्र द्यायला आणखी काय पाहिजे, बाळाच्या रडण्यानं झोप गेली ते एक, पण चुकीचा पाढा ऐकून पडून राहणं त्यांना शक्यच नव्हतं. मी म्हटलं, हो, चारोदरशे, डोळा लागला. ते उठले. म्हणाले द्या इकडे, तुम्ही बसा जरा. मला धाकधूक, परका माणूस, पण हात दुखून आले होते आणि बाळ त्यांच्या जॅकेटच्या चेनकडे टक लावून बघत होतं. दिलं. आणि हे गृहस्थ दोन रांगांच्या मधे येरझाऱ्या घालत औटकी म्हणायला लागले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हल्लीच्या गणिताच्या शिक्षकांना पण येत नाही, एक औट औट, बे औटे सात, साडेदहा, चौदा, अगदी शाळेत उभं केल्यासारखं, न अडखळता. वीस मिनिटं. झोपलेलं बाळ परत देताना म्हणाले, "पण पहिले चार तास फार त्रास झाला हं." मी म्हटलं आम्हाला पण.

मी बोर्डिंग पासच्या मागे हिशेब मांडला होता, सवय. कधी रडायला लागलं, कधी थांबलं. 16 तासांत एकूण 1 तास 50 मिनिटं. म्हणजे साडेअकरा टक्के. त्याच वेळात उजव्या हाताच्या रांगेतले एक जण सलग पाच तास घोरत होते, ते एकतीस टक्के होतात, त्यांच्यासाठी वेगळी केबिन कोणी मागितल्याचं अजून वाचनात नाही आलं.

वेगळ्या केबिनबद्दल म्हणाल तर कल्पना काही नवी नाही. इंडिगोनंच 2016 मधे काही रांगा 12 वर्षांखालच्या मुलांशिवाय ठेवायचं जाहीर केलं होतं, त्यावरून बराच वाद झाला. मला त्यात तत्त्वाचं भांडण नाही, पण रडण्याचा आवाज चार रांगांत थांबत नाही हो, त्याला काय पडदा अडवणार. त्यापेक्षा जपान एअरलाइन्सनं केलंय ते मला पटलं, 2019 पासून त्यांच्या सीट निवडायच्या नकाशावर जिथे दोन वर्षांखालचं मूल बसणार तिथे बाळाचं चित्र दिसतं. ज्याला लांब बसायचंय त्यानं लांब बसावं. कोणाला बंदी नाही, कोणाचा अपमान नाही. अर्थात ऐनवेळी एअरक्राफ्ट चेंज झालं की ते चित्र पण जागेवर राहत नसणार, आमच्या प्रिंटसारखंच.

त्याच वर्षी एका कोरियन आईची बातमी फिरत होती, चार महिन्यांच्या बाळाला घेऊन सोलहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना तिनं विमानातल्या 200 च्या वर लोकांना पिशव्या वाटल्या, आत गोळ्या आणि कानात घालायचे बोळे आणि एक माफीची चिठ्ठी, बाळाच्या नावानं लिहिलेली. सगळ्यांनी कौतुक केलं. आमच्या लेकीनं पण ते वाचलं होतं, निघायच्या आठवड्यात म्हणत होती आई आपण पण काहीतरी वाटूया का, बाकरवडीची छोटी पाकिटं वगैरे. मी म्हटलं तीनशे माणसं एकदम बाकरवडी खायला लागली तर बाळाचं रडणं कोणाला ऐकू येणार नाही हे खरं आहे, पण मी वाटणार नाही. माफी कशाची? मूल आठ महिन्यांचं आहे, कान दुखतायत, ते रडणार. वरातीत डीजे लावणारे आपल्या गल्लीत कधी पिशव्या वाटतात का.

आई-बापांनी मात्र आपलं काम करावं, तेही सांगते नाहीतर आजी एकतर्फी बोलते म्हणाल. आम्ही परत आलो त्या विमानात, म्हणजे मी एकटी परत आले तीन महिन्यांनी, एक जोडपं दोघंही हेडफोन लावून सिनेमा बघत होतं आणि त्यांचा दीड वर्षाचा मुलगा माझ्या सीटला मागून लाथा घालत होता, बापाला दोनदा सांगितलं तर म्हणाला किड्स ना. त्याला मी त्याच्या वडिलांच्या वयाची आहे हे विसरून शाळेतला आवाज लावला. लाथा थांबल्या. आणि कार्टून लावून आवाज मोठा ठेवतात, हेडफोन न घालता, ते तर मला बाळाच्या रडण्यापेक्षा जास्त डोक्यात जातं, कारण ते बंद करता येतं.

त्या वाचकांनी पत्राच्या शेवटी विमान कंपन्यांनी लक्ष घालावं असं लिहिलंय, तिथे मात्र माझी सही घ्या. पाळणा कन्फर्म केला तर द्या, विमान बदललं तर आधी बाळवाल्यांच्या जागा लावा आणि मग पाय पसरणाऱ्यांच्या, आईची आणि तिच्या सोबत्याची सीट अकरा रांगा लांब टाकू नका, आणि दारातून घेतलेली स्ट्रोलर दारात द्या. एवढं झालं असतं तर आमचे 1 तास 50 मिनिटं तासावर आले असते, हे मी हिशेबानं सांगते, त्यातली निम्मी रडारड पहिल्या चार तासांतली आहे, सीटांची अदलाबदल आणि उपाशीपणाची.

सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना लेकीनं बाळाला पाजलं, बरोबर शेवटचा अर्धा तास, आणि ते हूं की चूं न करता उतरलं. मागचे गृहस्थ म्हणाले, "हे आधी का नाही केलं?" मी काही बोलले नाही. दारापासून दारापर्यंत 32 तास झाले होते, आणि घड्याळ साडेबारा तास मागे, त्यामुळे पुढचे नऊ दिवस चिरंजीव रात्री दोनला उठून खेळायला लागायचे. तिथे शेजारी भिंतीपलीकडे कोण राहतं मला माहीत नाही, त्यांनी कुठल्या पेपरला पत्र लिहिलं असेल तर तेही छापून आलं असेल.

आपली,
एक आजी (निवृत्त गणित शिक्षिका)
कोथरूड, पुणे 38

ता. क. – स्ट्रोलर सहाव्या दिवशी घरपोच आली, एक चाक नव्हतं. तीनवर चालते, जरा डावीकडे ओढते.